एकच सल्ला सगळ्या घरांना लागू पडत नाही: सोलापूरच्या घरातली वीज, गॅस आणि कार्बन

‘गरज नसताना दिवे बंद करा’ ही सूचना आपण शाळेपासून ऐकत आलो. सूचना चांगलीच आहे. पण जुळे सोलापुरात सगळ्यात वरच्या मजल्यावर दोन एसी लावून राहणारं कुटुंब आणि कुंभारीच्या विडी कामगारांच्या घरकुलात दोन पंखे, एक फ्रिज, एक टीव्ही एवढ्यावर संसार करणारं कुटुंब, या दोघांना ती सारखीच सांगितली तर दोघांनाही तिचा फारसा उपयोग होत नाही. पहिल्या घरात दिव्यांचा वाटा किरकोळ असतो. दुसऱ्या घरात मुळात कपात करण्यासारखं फार काही नसतंच.

आकड्यांत बघा. नऊ वॅटचा एलईडी दिवा रोज पाच तास विनाकारण चालू राहिला, तरी महिन्याला दीड युनिटही होत नाही. दीड टनाचा एसी भर उन्हाळ्यात तेवढी वीज तासा-दीड तासात घेतो. तरीही घरात वाद होतो तो संडासातला दिवा कुणी चालू ठेवला यावरून! हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या ५०५ लोकांना कोणत्या उपकरणाला किती वीज लागते आणि कशाने किती वाचते, असं विचारण्यात आलं होतं. लोकांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा सरासरी २.८ पट कमी निघाला. सगळ्यात मोठी चूक मोठ्या उपकरणांच्या बाबतीत होती. वीज वाचवण्याचा सगळ्यात चांगला मार्ग कोणता, या प्रश्नावर अनेकांनी दिवे बंद करण्यासारखी उत्तरं दिली. जास्त कार्यक्षम उपकरण घेणं फार थोड्यांना सुचलं.

दिवा डोळ्यांना दिसतो, म्हणून तो लक्षात राहतो. फ्रिजचा काँप्रेसर, गच्चीवर पाणी चढवणारी मोटर आणि दिवसभर तापलेला स्लॅब यांच्याकडे तसं लक्ष जात नाही. म्हणून घरापुरता खरा सल्ला हवा असेल तर आधी त्या घराची वीज नेमकी कुठे जाते हे शोधावं लागतं. त्यासाठी तज्ज्ञ बोलवायची गरज नाही. विजेचं बिल आणि मीटर, दोन्ही आपल्या हाताशीच असतात.

बिलापासून सुरुवात करू. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांच्या वापराचा आलेख छापलेला असतो. बहुतेकजण रक्कम आणि शेवटची तारीख बघून बिल घडी करून ठेवतात, पण खरा मजकूर त्या आलेखात असतो. त्यातले दोन महिने शोधा. एक गड्ड्याची यात्रा भरते तो जानेवारी, कारण तेव्हा पंखे जवळपास बंद असतात. दुसरा एप्रिल किंवा मे, म्हणजे पारा बेचाळिशी ओलांडतो तो महिना. रीडिंग न घेता सरासरीने बिल आलेला महिना असेल तर तो सोडून द्या.

समजा, जानेवारीत ७० युनिट आले आणि मेमध्ये १९०. यातले ७० युनिट हा घराचा बारमाही वापर झाला: फ्रिज, दिवे, टीव्ही, मिक्सर, मोटर, आणि गिझर विजेचा असेल तर तोही. उरलेले १२० युनिट केवळ उकाड्यामुळे आले. अशा घराने फ्रिजची चिंता करत बसू नये. त्याचा प्रश्न उष्णतेचा आहे आणि उत्तरही तिथेच शोधायचं. आता दुसरं घर घ्या. जानेवारीत १४० आणि मेमध्ये १८०. इथे उन्हाळा फारसा कारण नाही. घरात काहीतरी बारा महिने वीज खातंय, आणि बहुधा ते एखादं जुनं उपकरण असतं. तिसऱ्या घरात जानेवारीत ३५ आणि मेमध्ये ५५ युनिट आहेत. या घराला ‘वापर कमी करा’ असं सांगायचा अधिकार कुणालाच नाही. तिथे प्रश्न एवढाच, की याच ५५ युनिटांत माणसांना रात्री झोप लागेल इतका गारवा कसा मिळेल.

आलेखाने दिशा कळते. नेमकं उपकरण शोधायला मात्र मीटरपाशी जावं लागतं.

हल्लीच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी ‘३२०० इम्प’ किंवा ‘१६०० इम्प’ असा आकडा छापलेला असतो. तो दिवा तितक्या वेळा लुकलुकला की एक युनिट पूर्ण होतं. आता मोबाइलवर एक मिनिटाची वेळ लावा आणि दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजा. त्या संख्येला ६० ने गुणा आणि मीटरवरच्या आकड्याने भागा. त्या क्षणी घर किती किलोवॅट वीज ओढतंय ते कळतं. ३२०० च्या मीटरवर मिनिटाला १६ वेळा दिवा लागला तर १६ गुणिले ६० म्हणजे ९६०, भागिले ३२००, म्हणजे ०.३ किलोवॅट, अर्थात ३०० वॅट.

मग एकेक वस्तू चालू-बंद करून बघा. जुना पंखा लावल्यावर मिनिटाला साधारण चार लुकलुकी वाढतील. हजार वॅटची इस्त्री लावली तर पन्नासच्या वर जातील, मोजता मोजता पुरेवाट होईल. फ्रिजचं मोजायचं असेल तर त्याचा घरघर आवाज सुरू होईपर्यंत थांबा, कारण मधल्या वेळात काँप्रेसर बंद असतो. शाळेत जाणाऱ्या मुलांना हे काम आवर्जून द्यावं. पुस्तकात वॉट आणि युनिट यांची व्याख्या पाठ करून जे डोक्यात शिरत नाही, ते इथे दहा मिनिटांत शिरतं.

एक तपासणी तर प्रत्येक घराने करावी. रात्री झोपण्याआधी फ्रिजसकट घरातलं सगळं बटणावरून बंद करा आणि मीटरचा दिवा बघा. तरीही तो लुकलुकत असेल तर राउटर, सेट टॉप बॉक्स, इन्व्हर्टरची बॅटरी असं काहीतरी चालू राहिलंय. सेट टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी वीज घेत राहतो. दहा वॅट म्हटलं तरी महिन्याला सात युनिट होतात. आणि या वस्तूंचेही प्लग काढल्यावर दिवा लुकलुकत राहिला, तर वायरिंगमध्ये गळती असू शकते. मग मात्र वायरमनला बोलवाच. तिथे पैशापेक्षा जिवाचा प्रश्न असतो.

आता कार्बनचा हिशोब, म्हणजे कुठे हात घालायचा ते ठरवता येईल. देशाच्या ग्रिडमधून येणाऱ्या एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, कारण आपली बहुतेक वीज अजून कोळशावरच तयार होते. दक्षिण सोलापूर तालुक्यात एनटीपीसीचा १३२० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प उभा आहे. ६६० मेगावॉटचे दोन संच कोळशावर चालतात आणि त्यांना पाणी उजनीतून येतं. आपल्या घरातली वीज नेमकी तिथूनच येते असं म्हणता येत नाही, कारण ग्रिडमध्ये सगळ्या केंद्रांची वीज एकत्र होते. पण बटण दाबल्यावर दुसऱ्या टोकाला काय घडतं हे बघायला सोलापूरकरांना दूर जावं लागत नाही. वाचलेल्या युनिटांमुळे कोळशाबरोबर उजनीचं थोडं पाणीही वाचू शकतं, आणि ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही तिथे ही गोष्ट लहान नाही.

स्वयंपाकाच्या गॅसचा १४.२ किलोचा सिलिंडर जळून संपतो तेव्हा सुमारे ४२ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. एक लिटर पेट्रोलमागे २.३ किलो. म्हणजे महिन्याला १५० युनिट वापरणाऱ्या घराचे विजेतून १०५ किलो होतात. सिलिंडर दीड महिना पुरत असेल तर गॅसचे महिन्याला २८ किलो. दुचाकीला महिन्याला आठ-नऊ लिटर पेट्रोल लागत असेल तर आणखी वीसेक किलो. या घराने विजेकडे बघावं. पण ४० युनिट वापरणाऱ्या घरात वीज आणि गॅस दोन्ही २८ किलोवर येतात. तिथे कुकरमध्ये डाळ-भात एकत्र लावणं, डाळ आधी भिजवणं, आच भांड्याच्या बुडाबाहेर जाऊ न देणं हेच उपाय विजेच्या बचतीइतके मोलाचे ठरतात. नवा सिलिंडर लावला की त्यावर खडूने तारीख लिहा. दोन-तीन सिलिंडर झाले की आपला खप कळतो. कडक भाकरी करणाऱ्या बायका तवा एकदा तापला की सगळी रास संपवूनच उठतात. त्यांना हे वेगळं शिकवायची गरज नाही.

सोलापुरातल्या बहुतेक मध्यमवर्गीय घरांच्या बिलाचा आलेख उन्हाळ्यात वर चढतो, म्हणून उकाड्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

रात्री अकरा वाजता पंखा पूर्ण वेगात असतो आणि तरी अंगावर गरम हवाच येते. दिवसभर ऊन खाऊन तापलेला सिमेंटचा स्लॅब सूर्य मावळल्यावर ती उष्णता खोलीत सोडत असतो. पंखा हवा थंड करत नाही, फक्त हलवतो. आणि एसी लावला तर तो खोलीबरोबर त्या स्लॅबशीही झुंजत राहतो. म्हणून वरच्या मजल्यावरच्या किंवा बैठ्या घराला माझा पहिला सल्ला कोणतंही यंत्र घ्या असा नसतो. मार्च संपायच्या आत गच्ची पांढरी करा. साधा चुना, त्यात तो धरून राहील असं काहीतरी मिसळून, दोन हात मारले तरी फरक पडतो. पैसे असतील तर गच्चीसाठी मिळणारा ऊन परतवणारा पांढरा रंग जास्त टिकतो. पांढरा पृष्ठभाग उन्हाचा मोठा भाग परत फेकतो आणि खोलीतला उकाडा काही अंशांनी उतरतो. शेजारच्या तेलंगणाने तर २०२३ मध्ये यासाठी ‘कूल रूफ’ धोरणच जाहीर केलं. पत्र्याच्या घराला याची गरज सगळ्यात जास्त असते, कारण पत्रा ऊन लागताच तापतो आणि त्याच्या खाली दुपार काढणं म्हणजे शिक्षा असते. पत्र्याला पांढरा रंग आणि त्यावर हातभर अंतर सोडून हिरवी जाळी, एवढ्याने मोठा आधार मिळतो. आपल्या भागातली जुनी माळवदाची घरं मातीच्या जाड थरामुळे दुपारी गार राहायची, ते आठवत असेल. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचा उपाय मात्र सोलापुरात मी सुचवणार नाही. इतकं पाणी आपल्याकडे नाही.

पश्चिमेच्या खिडकीला आतून पडदा लावला तर ऊन काचेतून आत आलेलंच असतं. तीच अडवणूक बाहेरून केली, म्हणजे चिक, ताटी किंवा छज्जा, तर ते आत येतच नाही.

त्यानंतर पंखे. जुना पंखा साधारण ७५ वॅट घेतो, बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या ब्रशलेस डीसी) मोटरचा नवा पंखा ३० वॅटच्या आसपास. सोलापुरात पंखा दिवसाला सोळा तास सहज चालतो. म्हणजे एका पंख्यामागे महिन्याला २१ युनिट वाचतात, आणि आपल्याकडे वर्षातले आठ महिने तरी पंख्याशिवाय भागत नाही. सगळे पंखे एकदम बदलू नका. सगळ्यात जास्त तास चालणारा आधी बदला, मग पुढच्या वर्षी दुसरा. पाहुण्यांच्या खोलीतला पंखा बदलून काहीच हाती लागत नाही. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना तारांकन लेबल सक्तीचं झालंय, तेव्हा लेबल बघूनच घ्या. बीएलडीसी पंखा जुन्या रेग्युलेटरवर चालवायचा नसतो, हे बसवणाऱ्याला सांगा. आणि भिंतीवर तो मोठा डबड्यासारखा जुना रेग्युलेटर अजून असेल तर लक्षात घ्या, पंखा हळू केल्यावर वाचलेली बरीचशी वीज तो स्वतःच तापून घालवतो. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरने खरी बचत होते.

कुलर की एसी, हा आपल्याकडचा दरवर्षीचा प्रश्न. मुंबईकराला कुलरचा सल्ला देऊन उपयोग नाही, कारण तिथली हवा आधीच दमट असते. कुलरमधलं पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेतं, आणि हवा जितकी कोरडी तितकी वाफ जास्त होते. एप्रिल-मेमधली आपली हवा कोरडी ठणठणीत असते. म्हणून इथे कुलर खरोखर काम करतो. घरगुती कुलर दीडशे-दोनशे वॅटवर चालतो. रोज आठ तास धरले तर महिन्याला चाळीस-पन्नास युनिट. त्याच आठ तासांसाठी दीड टनाचा एसी दोनशे-अडीचशे युनिटांपर्यंत जाऊ शकतो. कुलर लावताना समोरची खिडकी मात्र उघडी हवी. बंद खोलीत दमट हवा साचते, अंग चिकट होतं आणि मग लोक कुलरलाच नावं ठेवतात. पावसाळा सुरू झाला की पंप बंद करून नुसता पंखा चालवा. बोअरच्या जड पाण्याने कुलरच्या ताट्यांवर, म्हणजे पॅडवर, क्षार धरतात, त्या ताट्या हंगामात एकदा तरी बदला, आणि आठवड्याला टाकी रिकामी करून घासा, कारण डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो. कुलरला दिवसाला काही बादल्या पाणी लागतं. ज्या घरात पाण्याची खरी ओढाताण आहे तिथे हा हिशोब उलटू शकतो, आणि तिथे आधी गच्ची पांढरी करणं हाच उपाय.

एसी लागतोच अशी घरं असतात. आजारी माणूस असतं, तान्हं बाळ असतं. त्यांनी अपराधी वाटून घेऊ नये. तापमान २६ वर ठेवून सोबत पंखा हळू लावावा. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या सांगण्यानुसार एक अंश वर नेल्याने सुमारे सहा टक्के वीज वाचते. १८ वर लावल्याने खोली लवकर थंड होते हा समज चुकीचा आहे.

आता ज्यांचा बारमाही आकडा मोठा आहे त्यांच्याबद्दल. तिथे पहिला संशय जुन्या फ्रिजवर घ्या. पंधरा वर्षं जुना फ्रिज दिवसाला दीड-दोन युनिट घेऊ शकतो, तर आजचा छोटा चांगला फ्रिज अर्ध्या-पाऊण युनिटात भागवतो. दाराच्या रबरात नोट धरून दार लावा. नोट सहज निघाली तर रबर सैल झालंय. नवा घेताना नुसते तारे मोजू नका, लेबलवर वर्षाला किती युनिट लागतात तो आकडा लिहिलेला असतो, तो वाचा. तारांकनाचे निकष वेळोवेळी कडक होतात, त्यामुळे जुन्या लेबलवरचे पाच तारे आजचे पाच तारे नसतात. दुसरा संशय मोटरवर. हौदातून टाकीत पाणी चढवताना एक अश्वशक्तीची मोटर तासाला साधारण एक युनिट घेते. टाकी भरून वाहत असेल तर पाणी आणि वीज दोन्ही जातात. टाकीला सेन्सर बसवून घ्या.

बिलाच्या टप्प्यांबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे: शंभरच्या वर एक युनिट गेलं की सगळी युनिटं महाग होतात. तसं नाही. घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. पहिली शंभर युनिटं नेहमी स्वस्तच राहतात, पुढच्या युनिटांना पुढचा दर लागतो. पण वाचवलेलं युनिट नेहमी सगळ्यात महागड्या टप्प्यातून कमी होतं, आणि १०० च्या पुढचा दर पहिल्याच्या जवळपास दुप्पट असतो. म्हणून १९० वापरणाऱ्या घराला नव्या पंख्याचे पैसे ७० वापरणाऱ्या घरापेक्षा लवकर सुटतात. आधी कुणी खर्च करावा याचं उत्तर यातच आहे.

शेजाऱ्याशी तुलना करावी का? माणूस शेजाऱ्याकडे बघतो, हे खरं. अमेरिकेत ओपॉवर कंपनीच्या उपक्रमात घराघरांत पत्रं जायची, त्यात त्या घराचा वापर आसपासच्या घरांच्या तुलनेत दाखवलेला असायचा. अर्थतज्ज्ञ हंट ऑलकॉट यांनी २०११ मध्ये सुमारे सहा लाख घरांची आकडेवारी तपासली, तेव्हा सरासरी वापर २ टक्क्यांनी उतरलेला दिसला. २ टक्के कमी वाटतात, पण केवळ पत्रांमुळे आलेली ती घट होती. त्याआधी कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोस गावी झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मात्र एक वेगळी गोष्ट दिसली. सरासरीपेक्षा कमी वीज वापरणाऱ्यांना तो आकडा कळला आणि त्यांचा वापर वाढला. आकड्याशेजारी नुसता हसरा चेहरा काढून शाबासकी दिली, तेव्हा ही वाढ झाली नाही. आपल्या सोसायट्यांनी हे लक्षात ठेवावं. तळमजल्यावरच्या घराची तुलना गच्चीखालच्या घराशी करू नका, आणि कमी वापरणाऱ्याचं कौतुक करायला विसरू नका. सगळ्यात न्याय्य तुलना स्वतःशीच होते: यंदाचा मे आणि गेल्या वर्षीचा मे.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना गच्ची रंगवता येत नाही, फ्रिजही कधीकधी मालकाचाच असतो. पण पंखा, कुलर, खिडकीची चिक सोबत नेता येतात. त्यांनी तिथूनच सुरुवात करावी.

ज्यांची स्वतःची गच्ची आहे त्यांच्यासाठी सोलापूरच्या उन्हाचा दुसरा उपयोग आहेच: गच्चीवर सौर पॅनेल बसवून वीज तयार करणं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन किंवा जास्त किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. एक किलोवॅटला सुमारे शंभर चौरस फूट मोकळी जागा लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट, म्हणजे महिन्याला १२० च्या आसपास वीज मिळते. पॅनेल किती घ्यायचे हे मात्र पंखे बदलल्यावर आणि गच्ची पांढरी केल्यावर ठरवा. मेमध्ये १९० वापरणारं घर आज दोन किलोवॅट घेईल. तेच घर आधी ११० वर आलं तर एका किलोवॅटमध्ये भागेल. वर्षाअखेरीस उरलेल्या जास्तीच्या युनिटांना महावितरण देतं तो दर कमी असतो, त्यामुळे गरजेपेक्षा मोठा संच बसवून विजेतून कमाई करायचा विचार फायद्याचा ठरत नाही. विक्रेता घरी येईल तेव्हा बारा महिन्यांचा तो आलेख त्याच्यासमोर ठेवा आणि मीटरवर मोजलेले आकडेही. पॅनेल किती लागतील ते त्यावरून ठरू द्या.